चुकलंय की असंच आहे?

भाची नऊ वर्षांची आहे, त्यामुळे प्रश्न विचारताना तिला अजून संकोच वाटत नाही. माझ्या खोलीत कपाटाच्या दारावर मी एक जुनी चादर ताणून लावली आहे. चिंध्या जोडून शिवलेले चौकोन तिच्यावर टाचण्यांनी अडकवून ठेवते. येताजाता नजरेला पडत राहावेत आणि आठवडाभरात कुठला डोळ्यांना खुपतो ते कळावं, एवढाच हेतू. त्या दिवशी ती आली, हात मागे बांधून दारासमोर उभी राहिली, मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या बाजूला. खालच्या रांगेतल्या एका चौकोनावर बोट ठेवून म्हणाली, "मावशी, हे चुकलंय की असंच आहे?"

"असंच आहे," मी म्हटलं. जरा जास्तच पटकन.

तिचं समाधान झालं आणि ती बटणांचा डबा शोधायला गेली. मी मात्र तिथेच उभी राहिले. चौकोन साधारण फूटभर लांबीरुंदीचा. हळदी रंगाचे दोन तुकडे, एक गडद निळा, मधून तिरकी गेलेली विटकरी पट्टी, वर ब्लाउजच्या उरलेल्या टू बाय टूचे डाळिंबी-शेवाळी कपटे, आणि खाली डाव्या कोपऱ्यात बाबांच्या बुशशर्टाचा एक वीतभर लांब, चार बोटं रुंद तुकडा. विटकरी पट्टी तिरकी आहे, कारण मला ती तिरकी हवी होती. निळा तुकडा खाली निमुळता होत जातो, कारण तो तसाच सापडला. पण बाबांच्या शर्टाचा तुकडा चक्क उलटा शिवला गेलाय. सुलट बाजूवरचे करडे-पांढरे ठिपके आत गेलेत आणि बाहेर दिसतेय ती त्यांची फिकट, पाठीमागे पाझरलेली सावली. हे मला इस्त्री फिरवताना दिसलं. उसवता आलं असतं, पाच मिनिटांचं काम होतं. तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. 'असंही बरं दिसतंय की,' असं मी स्वतःला म्हटलं आणि दिवा बंद केला. म्हणजे त्या एकाच चौकोनात चुकलेलंही होतं आणि असंचही होतं. मी दोन्हींवर एकच उत्तर फासून मोकळी झाले होते.

हे मला का लागलं, ते सांगायला हवं. गेली बावीस वर्षं मी मुद्रितं तपासते. चूक शोधणं हा माझ्या पोटापाण्याचा धंदा आहे. ऱ्हस्व-दीर्घ, निसटलेला अनुस्वार, पान बदलताना दोनदा आलेला शब्द, एका परिच्छेदात 'माहीत' आणि पुढच्यात 'माहित'. चूक दिसली की हात आपोआप समासाकडे जातो. मराठी लेखनाचे अठरा नियम आहेत, चौदा १९६२ सालचे आणि चार १९७२ सालचे. त्यांच्याशी माझं नातं जुन्या शेजाऱ्यांशी असतं तसं आहे. भांडणं होतात, पण दाराला कडी घालत नाही. दिवसाचे आठ तास असे गेल्यावर संध्याकाळी मला काहीतरी असं हवं होतं, ज्याला समासच नाही. आधी रीतसर नमुने बघून शिवायला बसले. आठ टोकांची चांदणी, मापं, कागदी साचे. चांदणीची टोकं मध्यात जुळेनात तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी घरी येऊन पुन्हा मुद्रितच तपासतेय. मग साचे फेकले आणि नुसती चिंध्यांची पिशवी घेऊन बसले.

पद्धत म्हणावी तर अशी. पिशवीत हात घालायचा, दोन तुकडे काढायचे, त्यांच्या सुलट बाजू एकमेकींकडे तोंड करून ठेवायच्या आणि एक कड शिवायची. उलगडायचं, नखानं शिवण दाबायची, मग इस्त्री. इस्त्री ओढायची नाही, उचलून ठेवायची. ओढली तर कापड तिच्या मागे चालायला लागतं. आता दोघांचा मिळून जो काही आकार झाला असेल त्याची एक बाजू नजरेनंच सरळ कापायची आणि तिथे तिसरा तुकडा जोडायचा. एवढंच. नियम नाहीत असं म्हणतात खरं, पण एक आहे आणि तो कापडानंच घातलेला आहे: नवा तुकडा आधीच्या बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरला पाहिजे. पुरला नाही, तर आत वळलेला कोपरा तयार होतो, आणि तिथे मशीन घालणं म्हणजे अरुंद बोळात बैलगाडी वळवणं. म्हणून छोटे कपटे आधी आपापसांत जोडून लांब करून घ्यायचे. दोन बोटांच्या चार कपट्यांची एक पट्टी झाली, की ती मोठ्या तुकड्याच्या शेजारी मानानं उभी राहते.

यात बोटांना जे कळतं ते सांगणं कठीण. कापड ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या दिशेनं ओढलं तर जवळजवळ हलत नाही, बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या दिशेनं थोडं देतं, आणि तिरकं, म्हणजे उरेब ओढलं की रबरासारखं लांबतं. चिंध्यांच्या कडा बहुतेक उरेबच असतात, कारण शिंप्याकडे काखेच्या आणि गळ्याच्या गोलाईतूनच त्या उरलेल्या असतात. अशी उरेब कड बाहेर ठेवून चौकोन शिवला, की तो लाटा मारतो, टेबलावर पसरत नाही. मधे फुगवटा येतो आणि कडा पापडासारख्या वर येतात. रंगाचंही तसंच. मला वर्षभर वाटायचं की माझे चौकोन गढूळ दिसतात कारण मला रंग कळत नाहीत. मग एकदा डोळे अर्धवट मिटून पाहिलं आणि लक्षात आलं, रंगांचा दोष नव्हताच. डाळिंबी, शेवाळी, मोरपंखी, सगळे सारख्याच गडदपणाचे होते. डोळे मिटले की सगळं एकच डबकं. त्यात मळक्या पांढऱ्या मांजरपाटाची बोटभर पट्टी घातली आणि चौकोन उठून बसला.

आणि मग शिवणीचं गणित, ज्यानं मला पहिल्यांदा या नादाचं वेड लावलं. प्रत्येक तुकडा शिवणीत पाव इंच, म्हणजे साधारण सहा मिलिमीटर आत जातो. दोन तुकड्यांचे मिळून बारा. एका संध्याकाळी एक चौकोन मला फार शांत वाटला, म्हणून तो मधोमध कापला आणि त्यात दोन सेंटिमीटरची काळी पट्टी बसवली. पट्टी घातली, म्हणजे चौकोन वाढायला हवा ना? मोजला तर चार मिलिमीटरनं घटला होता. मी दोनदा मोजला. मग उमगलं: दोन शिवणींनी चोवीस मिलिमीटर खाल्ले होते आणि पट्टीनं आणले होते फक्त वीस. त्यातले दिसत होते आठ. शिवाय पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या तिरक्या रेषा आता एकमेकींसमोर येत नव्हत्या, पाण्यात बुडवलेली काठी वाकडी दिसते तशा सरकल्या होत्या. सात शिवणींचा चौकोन म्हणजे साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास कापड कुणाला न दिसणाऱ्या आतल्या बाजूला गेलेलं असतं. एका ओळीत सात शब्द घालून तीन लिहिल्यासारखं.

आजीच्या गोधडीवर मराठीत इतकं लिहून झालंय, की तिची ऊब आता बहुधा शाईचीच असावी. म्हणून मी तिच्या गोधडीबद्दल नाही, लुगड्याबद्दल सांगते. तिच्या रोजच्या लुगड्यांना दंड घातलेला असायचा. बसण्या-उठण्यानं मधला भाग विरला, की तो कापून काढायचा आणि उरलेली दोन चांगली टोकं जोडायची. ती आडवी शिवण म्हणजे दंड. पुढे दोन लुगड्यांची चांगली अर्धी-अर्धी जोडून एकही करत. रंग जवळपासचा असला तर ठीक, नसला तरी ठीक. पण नेसताना तो दंड निऱ्यांत जाईल असा तिचा बेत असे. माझ्या आईनं तिच्याकडून हे सगळं घेतलं. बाबांच्या शर्टाची कॉलर झिजली की ती उसवून, उलटवून पुन्हा लावायची. आमच्या फ्रॉकांना आतून ठिगळ असायचं, बाहेरून बारीक टाके, इतके बारीक की शोधावे लागत. जोड दिसता कामा नये. 'ठिगळ' हा शब्द आमच्या घरात हळू आवाजात बोलायचा शब्द होता.

आणि मी आता ठिगळाशेजारी ठिगळ लावून ती दारावर टांगते.

आईनं माझा पहिला चौकोन पाहिला तेव्हा ती काहीच बोलली नव्हती. हातात घेतला आणि सरळ उलटा केला. शिवणकाम करणारी बाई कुठलीही वस्तू अशीच बघते, आधी पाठ. दोन शिवणींवरून बोट फिरवलं, परत दिला. रात्री जेवताना म्हणाली, "कापडाची कमतरता आहे का गं तुला?" चिडून नाही. खरंच विचारत होती. मी हसले आणि विषय बदलला, पण तो प्रश्नही भाचीच्या प्रश्नासारखाच आत कुठेतरी जाऊन बसलाय. एकूण माझ्या घरातल्या बायका नेमके प्रश्न विचारतात.

कारण कमतरता नाही, हीच अडचण आहे. आपल्याकडच्या गोधडीचं वेडंवाकडेपण कमतरतेतून आलेलं असतं. जुनं लुगडं जमिनीवर पसरायचं, त्यावर घरातली निकामी कापडं थर लावून मांडायची, मोठी आधी, मग भोकं बुजवायला लहान. वर दुसरं लुगडं, ते न पुरलं तर त्यालाही तुकडे. आणि कडेपासून सुरुवात करून धावदोरा घालत आत आत यायचं. नक्षी ठरवलेली नसते. जे आहे ते पुरवायचं असतं. कर्नाटकात, उत्तर कन्नडच्या जंगलपट्ट्यात राहणाऱ्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका कवंदी नावाच्या गोधड्या शिवतात, त्याही अशाच. एका कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेनं तुकडे लावत, दुमडत, शिवत मध्याकडे येतात. मधे शेवटचा तुकडा काय बसेल ते तिथे पोचल्यावरच कळतं. पण चार कोपऱ्यांना दुमडून दुमडून केलेले छोटे त्रिकोणी फुला असायलाच लागतात. ते नाहीत तर कवंदी उघडीनागडी, असं त्या मानतात. हे मला फार आवडतं. बाकी सगळं मिळेल तसं, पण एवढी एक गोष्ट मात्र हवीच. गरजेच्या वस्तूत गरज नसलेली गोष्ट.

अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणात, तिन्ही बाजूंनी पाण्यानं वेढलेलं गीज बेंड नावाचं ठिकाण आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका, गुलामगिरीत राबलेल्यांच्या लेकी-नाती, नवऱ्यांच्या शेतातल्या विटलेल्या कपड्यांतून गोधड्या शिवायच्या. गुडघ्यांवर पांढरी पडलेली डेनिम. उसवून काढलेल्या खिशाखाली राहिलेला गडद निळा चौकोन, ऊन न लागलेला, तो तसाच्या तसा गोधडीत. ठरीव नमुन्यावाचून केलेल्या गोधडीला त्या 'माय वे' म्हणतात. आपण 'माझं मी' म्हणू. १९७२ साली गावाजवळच्या शिवणकाम सहकारी संस्थेला एका मोठ्या दुकानसाखळीकडून कॉर्डरॉयच्या उशांच्या खोळींचं काम मिळालं. मापाच्या, एकसारख्या खोळी. कापताना उरलेली कॉर्डरॉय बायकांनी घरी नेली आणि त्या जाड, कापायला चिवट कापडातून अशा गोधड्या केल्या, की आजही त्यांच्याकडे बघत राहावं. दिवसा मापानं, रात्री बिनमापानं. माझ्या दिवसासारखंच की, असं वाटलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली; कारण त्यांच्या भिंतींच्या फटींतून वारा येत होता आणि माझ्या खोलीत पंखा फिरतो. २००२ साली त्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या पांढऱ्या भिंतींवर लागल्या, २००६ साली टपाल तिकिटांवर आल्या. समीक्षकांना त्यांत आधुनिक चित्रकला दिसली. दिसू दे, आहेच ती. पण अंगावर घेतलेली वस्तू भिंतीवर गेल्याखेरीज ती सुंदर आहे हे आपल्या लक्षात येत नाही, याचं मला जरा वाईट वाटतं. आणि मी तर अंगावर घ्यायची पायरी गाळून थेट भिंतीशीच सुरुवात केली आहे.

आता कबुलीच द्यायची तर पूर्ण देते.

त्या चौकोनातले हळदी रंगाचे तुकडे चिंध्या नाहीत. पिशवीत हळदी संपला होता आणि निळ्याशेजारी मला तोच हवा होता. दुसरं काही चालेना. डोळे मिटून पाहिलं, उघडून पाहिलं, लिंबी लावून पाहिलं. शेवटी कपाटातून कुर्त्यासाठी आणलेलं अडीच मीटर नवं कोरं कापड काढलं आणि त्याचा कोपरा कापला. चिंधी हवी म्हणून चिंधी तयार केली. कात्रीचा तो आवाज, नव्या, खळ असलेल्या कापडातून जातानाचा, वेगळा असतो, कुरकुरीत. आई शेजारच्या खोलीत होती. मी हळूच कापलं.

मनाची समजूत घालायला मी इतिहासाकडे गेले, आपण सगळेच जातो. तिथे दोन नमुने सापडले. एक म्हणजे १८८०च्या दशकात अमेरिकेतल्या सुखवस्तू घरांत आलेली 'क्रेझी' गोधड्यांची लाट. वेडेवाकडे रेशमी तुकडे, त्यांवर भरतकाम, आणि पांघरण्याशी संबंध नाही, दिवाणखान्यात मांडायच्या. त्यासाठी रेशमी कपट्यांची पाकिटं विकत मिळत. चिंध्या विकत! मी त्या बायकांना हसले आणि मग माझ्या अडीच मीटर कापडाच्या तुटक्या कोपऱ्याकडे पाहून गप्प बसले.

दुसरा नमुना पार वेगळ्या टोकाचा. बौद्ध भिक्षूंचं चीवर तुकड्यांचं असतं. मगधातल्या बांध घातलेल्या भातखाचरांकडे बोट दाखवून बुद्धानं आपल्या शिष्याला, आनंदाला विचारलं, असं चीवर करता येईल का, आणि आनंदानं तसं करून दाखवलं, अशी कथा विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात आहे. मला आधी त्यातली खाचरंच आवडली होती. उंचावरून पाहिलं की दिसणारे ते लहानमोठे तुकडे, मधल्या बांधांच्या शिवणी. पण नंतर दुसरी गोष्ट ध्यानात आली. कुणी अख्खं कापड दान दिलं, तरी ते कापून जोडायचं. सुरीनं कापड ओबडधोबड झालं, की ते श्रमणाला शोभतं आणि दुसऱ्या कुणाला त्याची हाव सुटत नाही. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीही धडधाकट कापड मुद्दाम फाडणारी माणसं होती. फरक एवढाच, की त्यांनी ते कापडाची किंमत उतरावी म्हणून कापलं, आणि मी कापलं ते चौकोनाची वाढावी म्हणून. समजूत काही निघाली नाही.

तर भाचीचा प्रश्न. चुकलंय की असंच आहे. मुद्रितात हे ठरवणं सोपं असतं, कारण बाजूला हस्तलिखित असतं. लेखकानं काय लिहिलं होतं ते बघायचं आणि छापलेलं त्याच्याशी ताडायचं. इथे हस्तलिखितच नाही. ठरवलंच नव्हतं, तर हुकलं कशावरून म्हणायचं? वाकडी पट्टी चूक नाही, न जुळलेली रेषा चूक नाही, रंग खुपला तर तो उद्या शेजार बदलला की खुपणार नाही. टेरिकॉटचा तुकडा सुती समजून लावला आणि इस्त्रीखाली तो जळक्या प्लॅस्टिकचा वास सोडत आकसला, ती मात्र चूक. तेव्हापासून शंका आली की एक धागा काडीवर जाळून बघते. राख झाली तर सुती, कडक मणी झाला तर घेत नाही. पण या अशा चुका ओळखायला सोप्या. अडचण त्या उलट्या तुकड्याची आहे, जो चुकून लागला आणि नंतर मी दत्तक घेतला.

पूर्वी मी याहून वाईट वागलेय. एखादा तुकडा चुकून उलटा लागला, की पुढच्या दोन चौकोनांत मुद्दाम एकेक तुकडा उलटा लावायचा. झाली नक्षी. बघणाऱ्याला वाटतं, काय विचार केलाय! आमच्या धंद्यातही हे आहे. एक चूक एकदा केली तर ती चूक, पुस्तकभर सारखी केली तर शैली. जुन्या गोधड्यांत परमेश्वरापुढे नम्रता म्हणून एक चूक मुद्दाम सोडत, अशीही एक गोष्ट पश्चिमेकडे सांगतात. अभ्यासक म्हणतात तिला फारसा आधार नाही, आणि मलाही ती कधी पटली नाही. शिवणाऱ्या बाईला चूक मुद्दाम करावी लागत असेल, तर तिनं मला भेटावं. माझ्याकडे शिल्लक आहेत.

बाबांच्या त्या शर्टाचंही सांगायला हवं. विणतानाच पट्टे किंवा चौकडी आलेल्या कापडाला उलट-सुलट नसते, दोन्हीकडून सारखंच. छापलेल्या कापडाला असते. बाबांचे शर्ट सगळे बारीक पट्ट्यांचे, ऑफिसचे, दोन्ही बाजूंनी सारखे. त्यांच्यासारखेच, असं आम्ही बहिणी म्हणायचो. फक्त हा एकच छापील, ठिपक्यांचा, थोडा छचोर. मी पहिल्या पगारातून आणला होता. त्यांनी तो माझ्यासमोर एकदाच घातला, मानेपाशी सारखं बोट फिरवत. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा घरी गेले तेव्हा तो कपाटात हँगरवर, इस्त्री करून, तसाच. ते गेल्यावर आईनं कपडे वाटले, हा मला परत दिला. दोनेक वर्षं तो असाच पडून होता. कापायला घेतला तेव्हा मनात म्हटलं, न वापरलेलं कापड आहे, दमदार असेल, चौकोनात टिकेल. बाकी काही म्हणायचं मी टाळलं. कदाचित म्हणूनच हाताला उलट-सुलट कळली नसेल, किंवा मग साडेअकरा वाजले होते, एवढंच असेल.

परवा आई खोलीत आली. भाचीही मागोमाग. पोरीनं प्रश्न सोडलेला नव्हता, फक्त वरच्या न्यायालयात नेला. "आजी, हे चुकलंय ना गं? मावशी म्हणते असंच आहे."

आईनं टाचण्या काढल्या, चौकोन हातात घेतला आणि अर्थातच उलटा केला. चष्मा वर सरकवला. जवळचं ती चष्म्याशिवाय बघते. प्रत्येक शिवणीच्या दोन्ही बाजू चिमटीत धरून ती थोडी थोडी ओढत गेली, शेंग सोलायच्या आधी दाबून बघतात तसं. विटकरी पट्टीपाशी थांबली. माझ्या त्या ऐटीत तिरक्या गेलेल्या, मुद्दाम केलेल्या, अभिमानाच्या पट्टीपाशी. "इथे चुकलंय," ती म्हणाली. "इथे सुटतंय." मी वाकून पाहिलं. शिवणीत निळ्या तुकड्याचे दोन-तीनच धागे धरले गेले होते. दोनदा धुतलं असतं तर उघडलंच असतं. सुलट बाजूनं काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

तिनं सुई मागितली. आता नेढ्यात दोरा तिच्याच्यानं ओवला जात नाही, मी ओवून दिला. पलंगाच्या काठावर बसून ती उलट टाके घालू लागली, प्रत्येक टाक्याला अर्धं मागे जाऊन पुढे येत. भाची तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिचं अजून पूर्ण समाधान झालेलं नव्हतं. "आणि हे?" तिनं खालच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "हे तर उलटं लागलंय. बघ, ठिपके आत गेलेत."

आईनं चौकोन सुलट केला, दूर धरला, जवळ घेतला. अंगठा त्या फिकट सावलीवरून एकदा फिरला.

"उलटं आहे होय," ती म्हणाली. "मला वाटलं, धुऊन धुऊन विटलाय. तुम्ही दोघी गेल्यावर रोज संध्याकाळी हाच घालायचे ना. तू यायची म्हटलं की मला सांगायचे, धुऊन इस्त्री करून ठेव."

ती पुन्हा टाके घालायला लागली. पट्टीच्या टोकाशी येईपर्यंत दोरा संपला. मी दुसरा ओवून दिला.